रोज आठ मैल

१

आमच्या इथल्याला विमानतळ म्हणतात. म्हणू द्या. एक लांबलचक डांबरी पट्टी, दोन्ही बाजूंनी कुसळं, तारेचं कुंपण आणि चार-पाच विमानं. तीही अशी, की धडधाकट माणूस आत बसला तर गुडघे हनुवटीला लागतील. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली त्यांच्यापेक्षा जास्त आवाज करतात. तिथं विमान शिकवायची शाळा आहे. काळे चष्मे लावलेली पोरं-पोरी येतात, आकाशात दोन चकरा मारतात आणि खाली उतरल्यावर अशी चालतात की जणू चंद्रावरनं आलीत. चहाचा कप मात्र ठेवतील तिथंच ठेवतात.

मी त्यांच्या ऑफिसची झाडलोट करते. सकाळी नऊ ते दुपारी एक. आमची वस्ती कुंपणाला लागूनच, त्यामुळे जायला-यायला पाच मिनिटं.

ऑफिसात एक पांढरा फळा आहे. कुठलं विमान कुठं जाणार ते त्याच्यावर लिहितात. चार रकाने: गाव, किती मैल, किती वेळ, कोण जाणार. सोलापूर, पंच्याऐंशी मैल, एक्कावन्न मिनिटं, ऋषिराज. लातूर, एकशे सात मैल, एक तास चार मिनिटं, आणखी कुणीतरी. यांचे मैल आपल्यापेक्षा मोठे असतात म्हणे. असतील. यांचं सगळंच मोठं असतं.

फळा लिहायचं काम झुंबररावांचं. झुंबरराव ऑफिसचे कारकून. कॉम्प्युटरवर जे येतं ते बघायचं आणि फळ्यावर उतरवायचं, एवढंच त्यांना येतं. मी सातवी शिकले, हे बारावी. पण मी जे लिहिते ते वाचते तरी.

२

त्या दिवशी माझी प्रगती संगं होती. तीन वर्षांची. सासूबाई बँकेत अंगठा द्यायला गेल्या होत्या, घरी ठेवणार कुणाजवळ? तिनं आधी पोछ्याची बादली लवंडली, मग झुंबररावांच्या खुर्चीखाली जाऊन भोकाड पसरलं. झुंबरराव चहाच्या निमित्तानं सटकले. त्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला.

मी उचलायला नको होता. पण पोरगी रडतेय, फोन बोंबलतोय, दोन्हीतलं एक तरी बंद व्हावं म्हणून उचलला.

"बारामती का?" पलीकडनं आवाज आला. बाईचा का बाप्याचा कळेना. दमलेला होता.

"व्हय. बोला."

"तितं विमान उतरतं न्हवं?"

"उतरतं की. दिवसभर माश्यांगत उतरत्यात."

"हितंबी पट्टी हाय. आता कोण येत न्हाय. गवत माजलंय. हितनं तितं किती लांब पडंल?"

"हितनं म्हंजी कुठनं?"

त्याचं उत्तर आलं नाही. असल्या माणसांची मला चीड येते. आपण कुठं उभे आहोत ते सांगायचं नाही आणि अंतर दुसऱ्याला विचारायचं.

"निघा की मग," मी म्हणलं. "निघालं की कळंल."

"तितं लेकरं हायत का?"

मला वाटलं पोलिओ डोसवाला असावा. प्रगतीनं तेवढ्यात माझी पोटरी चावली.

"हाय की एक," मी म्हणलं. "माझीच. लई छळती. या आन् घिऊन जा."

आता तुम्हीच सांगा, हे कोण म्हणत नाही? आमच्याकडं दारात बोहारीण आली, पाव्हणा उठला, एसटीचा कंडक्टर पोरीकडं बघून हसला, सगळ्यांना आम्ही हेच म्हणतो. घेऊन जा हिला. पोरगं घाबरून पदराला धरतं, सगळे हसतात, संपलं.

तो हसला नाही.

"नाव काय?"

"प्रगती."

"बरं," म्हणाला, आणि फोन ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक ओळ जास्त होती. गावाचा रकाना मोकळा. पुढं चौऱ्याऐंशी मैल, पन्नास मिनिटं. आणि कोण जाणार, तर प्रगती.

मी फरशी पुसत होते. मनात म्हणलं, आली असेल एखादी नवीन पोरगी. झुंबररावांना गावाचं नाव लिहायलाही वेळ नसेल. आणि माझ्या पोरीचं नाव काय कुणी विकत घेतलंय?

त्याच्या दुसऱ्या दिवशी शहात्तर. मग अडुसष्ट. मग साठ.

सोलापूर पंच्याऐंशीच होतं. लातूर एकशे सातच होतं. गावं जागची हलत नाहीत, एवढं तर भूगोलात शिकवतात. ही एकच ओळ रोज आठ मैलांनी आखूड होत होती.

"झुंबरराव," मी म्हणलं, "ह्ये खालचं गाव कंचं?"

"कंचं?"

"ज्येचं नावच न्हाय ते."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फळ्याकडं बघितलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं पहिल्यांदाच बघत होते.

"स्क्रीनवर जे हाय ते मी उतरवतो."

"आन् ही प्रगती कोण?"

"असंल कोन तरी."

"हितं प्रगती नावाची पोरगी हाय का शिकायला?"

त्यांनी हजेरीचं रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून दोन पानं उलटली. "न्हाय बा," म्हणाले. "पर तुला काय करायचंय? तू फरशी पूस की. उद्या विमान चालवशील."

मी फरशी पुसली. फळ्याखालचा कोपरा दोनदा पुसला. डाग राहिला असेल, असं मीच मला सांगितलं.

४

पुढच्या दिवशी आकडा साठच राहिला. मला इतकं बरं वाटलं, की मी माझ्याच अकलेवर हसले. कॉम्प्युटर बिघडला होता, दुसरं काय. मग बावन्न झालं. चव्वेचाळीस. छत्तीस. परत एक दिवस छत्तीसच.

माझे मालक, गोकुळ, एमआयडीसीत दूध भरायच्या कारखान्यात आहेत. त्यांना मी सांगितलं. ते मोबाईलमध्ये बघत होते.

"अवो, आयकताय का?"

"आयकतोय."

"काय म्हणलं मी?"

"फळ्यावर कायतरी लिवलंय."

"माझ्या पोरीचं नाव लिवलंय. रोज आठ मैल जवळ येतंय."

"विमान हाय ते. आठ मैलाला किती टाइम लागतो त्येला?"

"पाच मिनिटं."

"मग येऊन गेलं असतं की कवाच," म्हणाले आणि परत मोबाईलमध्ये घुसले. नवरा असा असावा. घर पेटलं तरी म्हणेल, पेटलं असतं तर धूर आला नसता का.

पण बोलले ते खरंच होतं आणि तेच मला खायला लागलं. आठ मैल विमान पाच मिनिटांत कापतं. मग बाकीचा दिवस ते करतं काय?

सासूबाई, सारजाबाई, चुलीपुढं बसून लसूण सोलत होत्या. त्यांच्याकडं पूर्वी दोनशे मेंढरं होती. पावसाळा संपला की कोकणात, उन्हाळा लागला की परत. सगळा जन्म चालण्यात गेला. गोकुळ नोकरीला लागल्यावर मेंढरं विकली. तेव्हापासून त्या माझ्यावर धनगरी करतात. मी त्यांना काही सांगत नसते. त्यांनीच विचारलं.

"त्येंचं आठ मैल म्हंजी आपलं किती?"

"पंधरा किलोमीटर, आत्या."

"पाच कोस." त्यांनी लसणाची पाकळी बाजूला ठेवली. "रोज तेवढंच?"

"तीन दिवस तेवढंच. चौथ्या दिवशी थांबतंय. मग परत तीन दिवस."

सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. बाहेर एक विमान धावपट्टीवरनं उठलं, पत्र्यावरनं गेलं, आवाज विरला.

"ह्ये इमान न्हाय," त्या म्हणाल्या. "चालत येतंय."

"तुमचं काय तरीच."

"आन् एकटं न्हाय. एकटा गडी दहा कोस तोडतो. पाच कोस म्हंजी कळप हाय संगं. बारकी असत्याली. बारक्यांचं पाय चवथ्या दिशी सुजत्यात, मग बसवावं लागतं."

मी मोठ्यानं हसले. विमानतळाच्या फळ्यावर मेंढरं! हसता हसता माझं लक्ष दाराकडं गेलं. प्रगतीनं स्वतःच चपला घातल्या होत्या, उलट्या पायांत, आणि उंबऱ्यावर बसून बाहेर बघत होती.

"काय गं?"

"जायचंय," ती म्हणाली.

पोरं म्हणतातच असं. रोज म्हणतात.

५

अठ्ठावीस. वीस. बारा. परत बारा.

या चार दिवसांत मी कामावर नीट होते. फरशी पुसत होते, कप विसळत होते. फक्त फळ्याकडं पाठ करून पुसायला शिकले. आणि घरी पोरीला माझ्या साडीच्या पदराला गाठ मारून ठेवायला लागले. शेजारणी हसल्या. हसू देत. त्यांची पोरं दिवसभर रस्त्यावर असतात, एखादं कमी झालं तर संध्याकाळी जेवताना कळेल.

फोनवर मी काय बोलले होते ते कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही. सांगण्यासारखं होतंच काय? एक मस्करी. मस्करीवर कोण चालत निघतं?

पंधराव्या दिवशी फळ्यावर होतं: चार मैल. अडीच मिनिटं. प्रगती.

मी फडकं बादलीत टाकलं आणि घरी आले. पोरीला उचललं, पिशवीत दोन कपडे कोंबले. सासूबाई दारात होत्या.

"कळसला निघालीस?"

"व्हय. आईकडं. चार दिवस."

"कंच्या अंगानं येतंय ते ठाव हाय का तुला?"

"गावाचं नावच न्हाय तर अंग कुठनं कळणार?"

"मग थांब की. इचार करून जा."

आता या बाईला विचार सुचला. मी एसटीनं जंक्शन नावाच्या गावाला आले, तिथनं वडापच्या जीपनं कळसला. एसटीत प्रगती खिडकीशी उभी होती. भवानीनगरच्या पुढं उसाचे मळे लागले तशी ती हात हलवायला लागली. एकदा नाही, सारखी, वेगवेगळ्या उंचीवर, जसं कुणी पुष्कळ जण उभे असावेत. मी बघितलं. रस्त्याकडेला धुरळा होता, बाकी काही नव्हतं. मी तिचा हात खाली घेतला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मी कळसवरनं झुंबररावांना फोन लावला. ते वैतागलेलेच होते.

"कामावर न्हाय यायचं तर सांगून जावं माणसानं. कप तसंच पडल्यात."

"झुंबरराव, खालची ओळ वाचा."

"परत तेच?"

"वाचा की वो. पाया पडते."

मी कुणाच्या पाया पडत नसते. बहुतेक त्यामुळंच पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बारा मैल," ते म्हणाले. "सात मिनिटं."

"काल चार होतं."

"व्हय? मग वाढलंय. लांब गेलंय. झालं ना तुझं समाधान?"

मला खरंच रडू फुटलं. आईच्या अंगणात उभी राहून मी पदरानं तोंड पुसलं. लांब गेलं. कंटाळलं असेल. पोरगी घरात नाही म्हणल्यावर परत फिरलं असेल.

आणि मग माझी सातवी आडवी आली. चार आणि आठ बारा. म्हणजे ते दमलं नव्हतं, थांबलं नव्हतं. रोजच्याएवढंच चालून आलं होतं. फक्त तोंड फिरवून.

"झुंबरराव," मी विचारलं, "तुमच्या पट्टीपासनं कळस किती?"

"रस्त्यानं?"

"विमानानं."

त्यांनी कुणाला तरी हाक मारून विचारलं. ऋषिराजचा आवाज ऐकू आला, हसत काहीतरी म्हणाला. मोठ्या लोकांना सगळ्याचं हसू येतं.

"बारा," झुंबरराव म्हणाले.

७

प्रगतीला मी आतल्या खोलीत कोंडून, कडी घालून, मग फोन करायला बाहेर आले होते. परत गेले तर कडी निघालेली.

माझी आई, बानूबाई, ओसरीवर शेंगा फोडत होती.

"आई, पोरगी कुठाय?"

"म्याच सोडली. असल्या उकाड्यात कोंडतीस व्हय लेकराला? कैदी हाय का ती?"

"कुठं गेली?"

"मागल्या दारानं गेली असंल डाळिंबात. मेंढरं आल्यात पल्याड, ती बघाया. जाऊ दी की."

"कुणाची मेंढरं?"

"मला काय ठावं? सकाळधरनं बसल्यात."

आई माझी अशीच. तिला सगळं दिसतं, फक्त काय दिसतंय ते कळत नाही.

मी डाळिंबाच्या ओळींमधून पळाले. काटे ओरबाडत होते. कुठं पाखरू बोलत नव्हतं. बागेच्या पलीकडं पडीक रान आहे, झाडं नाहीत, नुसता मुरूम. ऊन डोक्यावर आलं होतं.

तिथं कळप उभा होता. दुपारच्या वेळी मेंढरं कशी उभी राहतात ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. सावली नसली की एकमेकांना चिकटतात, आणि प्रत्येक मेंढरू मान खाली घालून शेजारच्याच्या पोटाखाली तोंड खुपसतं. वरनं नुसत्या पाठी दिसतात. तसाच होता कळप. मला हायसं वाटलं. पळायची थांबून मी चालायला लागले.

जवळ गेल्यावर दिसलं की त्या पाठींवर लोकर नाही.

बनियन होते. फ्रॉक होते. शाळेचा निळा पिनाफोर होता. सगळ्यांवर धूळ, एकच रंग झालेला. पाय बारके, गुडघ्यापर्यंत मातकट, सुजलेले. हात खाली लोंबत होते. माना खाली, तोंडं एकमेकांच्या सावलीत. एकही रडत नव्हतं. एवढी पोरं एका जागी आणि आवाज नाही, हे ज्या बाईला पोर आहे तिलाच कळेल.

कडेला कुणीतरी उकिडवं बसलं होतं. माझ्याकडं पाठ. मांडीवर काठी. पायाची पावलं तेवढी दिसत होती, आणि ती मी जास्त वेळ बघितली नाही.

आईनं निमगाव केतकीच्या बाजारातनं प्रगतीला पिवळा फ्रॉक आणला होता. सकाळी मीच घातला होता. मला कळपाच्या कडेला पिवळं दिसलं. मी जाऊन दंड धरला आणि ओढलं. लगेच सुटून आली. हिसका नाही, रडणं नाही. तिच्या जागेवर शेजारचं सरकलं आणि फट बुजली.

"तुमीच म्हणलासा," बसलेलं न वळता म्हणालं. तोच दमलेला आवाज.

"मस्करी कळत न्हाय का?" मी ओरडले. "बिनअकलेचं! कोण कुठलं, म्हणं घिऊन जा म्हणली आन् आलं चालत! माझी पोरगी हाय, मी न्हीत्ये."

"न्या."

मी पोरीला खांद्यावर टाकली आणि वळले.

"बघून न्या, बाई," ते म्हणालं. "नीट बघून घ्या."

बघायला फार वेळ लागला नसता. तिची मान वर करायची. आणि ती नसती तर दुसरीची. मग तिसरीची. पिवळं आणखी कुठं आहे का ते शोधायचं. पण असल्याचं ऐकून मी माझं पोर तपासू? मी जन्म दिलाय तिला.

"माझं मला कळतं," मी म्हणलं, आणि मागं न बघता आले.

८

त्याला आता दोन महिने झाले. मी ऑफिसचं काम सोडलं.

प्रगती घरी आहे. जेवते, झोपते, हाक मारली की येते. त्रास म्हणून देत नाही. बादली लवंडत नाही, चावत नाही. शेजारणी म्हणतात, किती शहाणी झाली गं, काय केलंस? गोकुळ म्हणतात, बघ, उगाच घाबरत होतीस. यांना पोर गप्प बसलं की वळण लागलंसं वाटतं.

डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला ऊन लागलं होतं. पाय का सुजतात ते त्याला सांगता आलं नाही, मलम दिलं.

सासूबाईंचं मात्र वेगळंच. मी कळसहून आले त्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या. दोनशे मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे अंधारात हात लावून सांगणारी बाई. त्यांनी पोरीकडं एकदा बघितलं, हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. तेव्हापासून तिला कडेवर घेतलं नाही. तिचं ताट मलाच वाढायला सांगतात.

परवा मी त्यांना धरलंच.

"काय झालंय तुमाला? नात हाय तुमची."

"मी कुठं काय म्हणलं?"

"मग घेत का न्हाय तिला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईच्या तोंडावर माझ्याबद्दल राग नव्हता.

"तू बघून आणलीस न्हवं?"

"व्हय," मी म्हणलं.

"मग तुझीच."

आणि त्या कोपऱ्यात तोंड करून बसल्या.

दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालते. बारा वाजले की ती घरातनं येते. ओसरीला सावली आहे, कडुनिंबाखाली सावली आहे. तिथं जात नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहते, मान खाली घालते आणि माझ्या पोटाशी तोंड खुपसते. "प्रगती" म्हणलं की "हं" म्हणते. वर बघ म्हणलं की बघत नाही.

तिच्या हनुवटीला हात लावून मान वर करणं काही अवघड नाही. तीन वर्षांचं पोर ते, जोर कितीसा असणार.

मी ओले कपडे हातात धरून उभी राहते. ऊन कलेपर्यंत हलत नाही.